इंग्रजी समजतं, पण बोलताना अडतं. असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.'

मुलाखतीतला हा सगळ्यात ठरलेला प्रश्न. उत्तर स्वतःबद्दलच द्यायचं असतं, त्यामुळे माहिती नाही असं होऊच शकत नाही. तरीही आर्वी, देवळी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरहून नागपूर-पुण्याला मुलाखतीसाठी गेलेल्या अनेकांची गाडी इथेच अडते. डोक्यात मराठी वाक्य तयार असतं. त्यातले अर्धे इंग्रजी शब्दही आठवत असतात. पण तोंडातून 'माय सेल्फ...' एवढंच बाहेर पडतं आणि पुढे शांतता.

ही अडचण इंग्रजी न शिकल्यामुळे आलेली नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जातो. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल 2012 मध्ये बारावी झालं, तेव्हा त्याची इंग्रजीची 12 वर्षं पूर्ण झाली होती. मग 12 वर्षं शिकलेली भाषा 12 मिनिटं का बोलता येत नाही? आणि आता, शाळा-कॉलेज संपल्यावर, ती बोलायला शिकता येते का? समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- भाषा समजणं आणि भाषा बोलणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं आलं म्हणजे दुसरं आपोआप येत नाही.
- मराठी माध्यमात शिकणं हा अस्खलित इंग्रजीतला अडथळा नाही. बोलण्याची संधी न मिळणं आणि हसतील ही भीती, हे खरे अडथळे आहेत.
- अस्खलित म्हणजे ब्रिटिश किंवा अमेरिकन उच्चार नव्हे. न अडखळता, समोरच्याला समजेल असं बोलणं म्हणजे अस्खलित.
- 'सगळं इंग्रजी' शिकायला निघू नका. आपल्याला ते कुठे लागणार आहे हे आधी ठरवा.

समजतं, पण बोलता का येत नाही?

इंग्रजी बातमी वाचताना किंवा क्रिकेटची कॉमेंटरी ऐकताना शब्द आयते समोर येतात. आपण फक्त ओळखायचं असतं. बोलताना मात्र शब्द शोधायचा, वाक्याचा क्रम लावायचा, काळ ठरवायचा, उच्चार करायचा आणि समोरच्याचा चेहराही पाहायचा. हे सगळं एक-दोन सेकंदांत. सरावाने यातली बरीच कामं विचार न करता होऊ लागतात, आणि तेव्हाच बोलणं वाहतं होतं. सायकल शिकताना आधी हँडल, पेडल आणि ब्रेक यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो, नंतर लागत नाही. तसंच हे.

कॅनडात याचा चांगला पुरावा मिळाला. तिथे इंग्रजी भाषक मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. ही मुलं अनेक वर्षांनी फ्रेंच उत्तम समजू लागली, पण त्यांचं बोलणं आणि लिहिणं मागे राहिलं. भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये यावरून मांडणी केली की फक्त ऐकून-वाचून भागत नाही. स्वतः वाक्य तयार करावं लागतं, कारण ते करतानाच आपलं नेमकं कुठे अडतं हे कळतं.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. दहावीच्या बोर्डात इंग्रजीचे 80 गुण लेखी परीक्षेला आणि 20 गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला असतात. साहजिकच वर्षभराचा जोर लेखीवर राहतो. धडा वाचायचा, मराठीत अर्थ समजून घ्यायचा, उत्तरं लिहायची. यातून वाचन येतं, पण बोलण्याचे तास जमा होत नाहीत.

वर्धेकर हिंदी कुठे शिकले?

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांनी स्वतःला हा प्रश्न विचारून पाहावा. घरात वऱ्हाडी-नागपुरी बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि बाजारात, स्टेशनवर, बसमध्ये गरज पडली की सरळ हिंदी. इथे हे नवीन नाही. 1956 मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, तोपर्यंत वर्धा आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होतं आणि तिथे मराठी-हिंदी सोबत नांदत होत्या. हिंदीच्या प्रसाराचं काम करणारी राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 मध्ये वर्ध्यातच स्थापन झाली. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही इथेच आहे.

पण बहुतेकांची बोलायची हिंदी परीक्षांमधून आली नाही. ती सिनेमातून आणि दुकानदाराशी घासाघीस करताना आली. लिंग चुकलं, 'ने' राहून गेला, मध्येच मराठी शब्द आला, तरी व्यवहार थांबला नाही. कुणी व्याकरण तपासत बसलं नाही.

हिंदी मराठीच्या जवळची आहे, लिपीही एकच आहे, त्यामुळे ती लवकर येते हे खरं. पण फरक तेवढाच नाही. हिंदी आपण आधी वापरली आणि वापरता वापरता सुधारली. इंग्रजीबाबत 'आधी पूर्ण शिकेन, मग बोलेन' असं ठरवून बसलो. ते 'पूर्ण' कधी येतच नाही.

आणखी एक गंमत. हिंदी विश्वविद्यालयात परदेशातूनही विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. असा विद्यार्थी मोडक्यातोडक्या हिंदीत चहा मागतो तेव्हा आपल्याला कौतुक वाटतं. मग आपल्याच वर्गातल्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला की हसू का येतं?

मग मराठी माध्यमात शिकून चूक झाली का?

हा प्रश्न वर्ध्यात जवळपास 90 वर्षांपूर्वी चर्चेला आला होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद झाली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने, असा विचार तिथे मांडला गेला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. हीच 'नई तालीम' किंवा वर्धा शिक्षण योजना. या सात वर्षांत इंग्रजीला जागा नव्हती.

गांधीजींच्या या आग्रहामागे स्वतःचा अनुभव होता. राजकोटच्या शाळेत चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू झाले, आपण पूर्ण गोंधळून गेलो आणि मुळात अवघड वाटणारी भूमिती आणखी अवघड झाली, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्यांचा विरोध इंग्रजी भाषेला नव्हता. सेवाग्रामात राहूनही ते 'हरिजन' या इंग्रजी साप्ताहिकासाठी लिहीत होते. विषय समजून घ्यायचा तो आपल्या भाषेत, एवढाच मुद्दा होता.

अशा शिक्षणातून आलेल्या माणसाचं इंग्रजी कच्चं राहतं का? डॉ. अभय बंग यांचं उदाहरण पाहा. त्यांचं बालपण वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात गेलं आणि शालेय वयाची बरीच वर्षं ते नई तालीमच्या शाळेत शिकले. पुढे नागपूरला वैद्यकीय शिक्षण आणि 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. गडचिरोलीतल्या नवजात बालकांवरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं संशोधन 1999 मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आलं. मराठीतही ते तेवढ्याच ताकदीने लिहितात.

एका उदाहरणावरून नियम बनत नाही, हे मान्य. घरातलं वातावरण, पुस्तकं आणि पुढची संधी यांचा वाटा असतोच. पण 'मराठी माध्यम होतं म्हणून जमलं नाही' हे कारण पुरेसं नाही, एवढं यातून नक्की दिसतं. आपल्या भाषेत मुद्देसूद बोलता येणाऱ्याला इंग्रजीत फक्त शब्द आणि रचना शिकायची असते, विचार करायला नव्याने शिकायचं नसतं.

2011 च्या जनगणनेचा एक आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. देशात इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 2.6 लाख लोक होते. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे 8.3 कोटी आणि तिसरी भाषा म्हणून सुमारे 4.6 कोटी. म्हणजे भारतात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण ती नंतर शिकलेला आहे.

भीती खरीच असते का?

हो. 1986 मध्ये एलेन हॉर्विट्झ, मायकल हॉर्विट्झ आणि जोअॅन कोप या संशोधकांनी परकी भाषा शिकतानाच्या चिंतेचा अभ्यास मांडला आणि ती मोजण्यासाठी 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. एरवी धीट असणारा माणूसही नव्या भाषेत बोलताना घाबरू शकतो. कारण त्या भाषेत तो आपल्या खऱ्या हुशारीपेक्षा कमी हुशार दिसतो, आणि ते त्याला बोलताना कळत असतं.

गांधीजींना हे चुकलं नव्हतं. लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या बैठकीत त्यांनी आपलं म्हणणं लिहून नेलं, पण वाचायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्याने ते वाचून दाखवलं. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला तिथल्या भारतीयांसमोर बोलले, ते बहुधा आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, असं त्यांनी लिहिलं आहे. तिथे विषय जिव्हाळ्याचा होता आणि माणसं आपली होती.

आपल्यासाठी यातून निघणारा उपाय साधा आहे: सुरुवात मुलाखतीच्या खोलीत करू नका. जिथे चुकलं तरी काही बिघडत नाही अशा जागी करा. एक मैत्रीण, एक भाऊ, किंवा फक्त मोबाईलचा रेकॉर्डर.

मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

सगळं व्याकरण पुन्हा उघडायची गरज नाही. आपल्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात आणि त्या मोजक्या जागी असतात.

*'मला'ची वाक्यं.* मराठीत 'मला भूक लागली', 'मला वाटतं', 'मला माहीत आहे' असं म्हणतो. इंग्रजीत या सगळ्याची सुरुवात 'आय'ने होते: 'आय ॲम हंग्री', 'आय थिंक', 'आय नो'. 'मला'ची दहा वाक्यं काढून त्यांचं इंग्रजी तोंडपाठ करा. रोजचं बरंच बोलणं त्यात येतं.

*नको तिथे 'इंग'.* 'मला समजतंय' किंवा आपल्या बोलीतलं 'मले समजून राह्यलं' याचं थेट भाषांतर 'आय ॲम अंडरस्टँडिंग' होतं. 'नो', 'अंडरस्टँड', मालकी सांगणारं 'हॅव' अशी क्रियापदं सहसा 'इंग' घेत नाहीत. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'हॅविंग' नाही. उलट 'काय करून राह्यला?' या प्रश्नाला 'व्हॉट आर यू डुइंग' अगदी बरोबर बसतं.

*क्रियापद शेवटी ठेवायची सवय.* 'मी उद्या नागपूरला जाणार आहे' यात क्रिया शेवटी आणि 'ला' नागपूरनंतर. इंग्रजीत क्रिया कर्त्याला चिकटते आणि 'टू' नागपूरच्या आधी येतो: 'आय ॲम गोइंग टू नागपूर टुमॉरो'. म्हणून मनात मराठी वाक्य पूर्ण करून मग उलटवत बसलात तर उशीर होणारच. 'कोण, काय करतो' एवढं आधी बोलून टाका, बाकी मागून जोडा.

*'अ' आणि 'द'.* मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे ते सुटतात. हे नीट यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि यामुळे बहुतेक वेळा अर्थ अडत नाही. सुरुवातीला याची चिंता सोडा.

*वाक्यातला प्रश्न.* 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' याचं 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' होतं. बरोबर वाक्य 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज'.

उच्चारांचं काय?

मराठी वळणाचा उच्चार असणं हा दोष नाही. समोरच्याला शब्द ओळखता न येणं ही अडचण आहे. त्यासाठी तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, 'व' आणि 'व्ह'. 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. आपण बोलताना हा फरक फारसा पाळत नाही, इंग्रजीत त्याने शब्दच बदलतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शब्दातला जोर. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या भागावर असतो, पण 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्या भागावर सरकतो आणि उच्चार 'फटॉग्रफर'सारखा होतो. नवा शब्द शिकताना मोबाईलवरच्या डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका.

नेमकं किती इंग्रजी हवं?

गांधीजींच्या आत्मचरित्रात प्रिटोरियाची एक कमी माहीत असलेली गोष्ट आहे. तिथल्या भारतीयांना इंग्रजी शिकवायची तयारी त्यांनी दाखवली आणि तिघे तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. गांधीजी त्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन शिकवत. कारकून आणि दुकानदार हिशेब ठेवण्यापुरतं आणि व्यवहाराची पत्रं लिहिण्यापुरतं शिकले. न्हाव्याला फक्त गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं होतं, तेवढं तो शिकला.

आजही सुरुवात अशीच करावी. तुम्हाला इंग्रजी कशाला हवं? कॉल सेंटर, नर्सिंग, बँक, सॉफ्टवेअर, हॉटेल, की पुढचं शिक्षण? त्या कामात रोज कोणती 50 वाक्यं लागतील, ती आधी लिहून काढा. काही ठिकाणी बोलायच्या इंग्रजीची सक्तीही नसते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर केंब्रिजचे आकडे उपयोगी पडतात. भाषेच्या युरोपीय मापात ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत. अगदी शून्यापासून बी1 पर्यंत, म्हणजे रोजचे विषय स्वतंत्रपणे बोलता येण्यापर्यंत, साधारण 350 ते 400 तासांचं मार्गदर्शित शिक्षण लागतं. बी2 ला 500 ते 600 तास. बारावी झालेला माणूस शून्यावर नसतो, त्यामुळे त्याचा बराच रस्ता कापून झालेला असतो. उरतात ते मुख्यतः बोलण्याचे तास. '30 दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती म्हणूनच दुरून पाहाव्यात.

रोज 40 मिनिटं: काय करायचं?

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांचं सांगणं आहे की ऐकणं-वाचणं, बोलणं-लिहिणं, शब्द-व्याकरणाचा अभ्यास आणि वेगाचा सराव या चारही गोष्टींना सारखा वेळ द्यावा. त्यावरून घरी करता येईल असं वेळापत्रक:

1. 10 मिनिटं ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश काउन्सिलच्या लर्नइंग्लिशवर मोफत ऑडिओ आहेत. बहुतांश समजेल असंच निवडा.
2. 10 मिनिटं मागोमाग बोला. तोच ऑडिओ लावून बोलणाऱ्याच्या मागोमाग तसंच म्हणा. याला 'शॅडोइंग' म्हणतात. जीभ आणि लय दोन्ही तयार होतात.
3. 10 मिनिटं स्वतः बोला. यासाठी '4-3-2' पद्धत वापरा. एकाच विषयावर आधी चार मिनिटं, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. पहिल्यांदा अडखळाल, तिसऱ्यांदा फरक स्वतःला ऐकू येईल. विषय ओळखीचे घ्या: कापसाची वेचणी, गावची यात्रा, कालची मॅच.
4. 10 मिनिटं दुरुस्ती. रेकॉर्डिंग ऐका आणि फक्त दोन चुका निवडा. जो शब्द आठवला नाही तो वहीत लिहा, एकटा नाही तर पूर्ण वाक्यात.

वाचायला मोठ्या कादंबऱ्या नकोत. बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. सातवीचं इतिहासाचं पुस्तक घेतलंत तर मजकूर ओळखीचा असतो, भाषा तेवढी नवी.

आठवड्यातून दोनदा तरी माणसाशी बोला. फोनवर अर्धा तास, अट एकच: मराठीकडे वळायचं नाही, चूक लगेच दुरुस्त करायची नाही. एआय चॅटबॉटशी आवाजात बोलूनही सराव होतो. तो हसत नाही आणि कंटाळतही नाही. पण माणसाच्या चेहऱ्यासमोर बोलायची सवय माणसाशी बोलूनच लागते.

अडलं तर काय म्हणायचं?

अस्खलित बोलणारेही अडतात. फक्त अडल्यावर काय म्हणायचं हे त्यांना पाठ असतं. 'लेट मी थिंक', 'व्हॉट आय मीन इज', 'कुड यू प्लीज रिपीट दॅट', 'आय डोन्ट रिमेंबर द वर्ड, बट...' अशी आठ-दहा वाक्यं जिभेवर ठेवा. शब्द आठवला नाही तर वस्तूचं वर्णन करा. 'स्प्रेअर' आठवत नसेल तर 'द मशीन वी यूज फॉर पेस्टिसाइड' म्हटलं तरी काम होतं.

क्लास लावावा का?

लावायला हरकत नाही, पण फी भरण्याआधी एक तास बसून पाहा आणि मोजा: त्या तासात विद्यार्थी किती मिनिटं बोलले? सर 50 मिनिटं बोलत असतील तर सराव सरांचा होतोय. फळ्यावर काळांचे तक्ते आणि वहीत भाषांतरं एवढंच असेल, तर ते तुम्ही शाळेत करून झालं आहे. एका बॅचमध्ये किती जण आहेत आणि जोडी-जोडीने बोलायला वेळ मिळतो का, हेही विचारा.

क्लास परवडत नसेल तर गावातले चार जण मिळूनही हे जमतं. शाळेचा वर्ग किंवा वाचनालय, आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक विषय आणि एक नियम: हसायचं असेल तर नंतर, आणि सगळ्यांनी मिळून.

पहिला विषय ठरलेलाच आहे. 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.' चार मिनिटं, मग तीन, मग दोन.